सौर चुलीची नाभि

उन्हावर अन्न शिजविणारी तबकडीची सौर चूल आतां कांहीं शेतकऱ्यांच्या अंगणांत दिसूं लागली आहे. ती सरपण वांचविते; परंतु तिचें मर्म न जाणतां ती वापरणें धोक्याचें होय. म्हणून तें आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

सूर्य फार दूर असल्यामुळें त्याचे किरण आपणांकडे जवळजवळ समांतर येतात. बहिर्गोल भिंग मध्यें जाड व कडेस पातळ असतें. त्यांतून जातांना किरण वळतात व पलीकडे एका ठिकाणीं मिळतात. त्या स्थानास नाभि म्हणतात. हवामान वेधशाळांतील ऊन मोजण्याचें यंत्र याच तत्त्वावर चालतें. कॅंबेल यांनीं तें १८५३ सालीं योजिलें व स्टोक्स यांनीं १८७९ सालीं सुधारिलें. त्यांतील सुमारें १० सेंटिमीटर व्यासाचा कांचेचा गोळा मागील कागदी पट्टीवर करपलेली रेघ उमटवितो; तिच्या लांबीवरून दिवसांत किती तास ऊन पडलें तें कळतें.

अंतर्गोल आरसा हेंच कार्य किरण परतवून करितो. मात्र आरसा गोलाचा तुकडा असल्यास कडेचे किरण मधल्या किरणांस नीट मिळत नाहींत. म्हणून चुलीच्या तबकडीस अन्वस्ताचा, म्हणजे गोफणीच्या धोंड्याच्या वाटेसारखा बांक देतात.

तिची नाभि काढण्याचा हिशेब सोपा आहे. तोंडाच्या रुंदीस रुंदीनें गुणावें व खोलीच्या सोळापटीनें भागावें. रुंदी १४० व खोली ४४ सेंटिमीटर असल्यास नाभि तळापासून सुमारें २८ सेंटिमीटरांवर येते. भांडें तेथेंच ठेवावें. भांड्याचें बूड २० सेंटिमीटर रुंद असेल, तर त्यावर ४९ पट ऊन एकवटतें. आरशांत थोडें वायां जातें तें वजा करावें.

चूल घेतांना खोली अवश्य मोजावी. ती रुंदीच्या चवथाईहून अधिक असल्यास नाभि कडेच्या आंत राहते. तबकडी उथळ असल्यास नाभि बाहेर मोकळ्या हवेंत पडते व तेथें हात, डोळा किंवा वाळलेला चारा सांपडण्याची भीति असते.

सूर्य तासास १५ अंश सरकतो. यास्तव चूल वरचेवर फिरवावी लागते. ती फिरवितांना काळा चष्मा लावावा व नाभीकडे टक लावून पाहूं नये. कडब्याची गंजी दूर असावी, मुलांस जवळ येऊं देऊं नये, आणि काम संपतांच तबकडी गोणपाटानें झांकून सावलींत ठेवावी. उघडी तबकडी उन्हांत सोडणें म्हणजे पेटती चूल टाकून शेतावर जाण्यासारखेंच आहे.