कॅरिअरचा बोल्ट

सायकलवरून दूरच्या प्रवासास निघालेल्या माणसाचा सारा संसार मागच्या कॅरिअरवर बांधलेला असतो. १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परतले. त्यांच्या वाटेत वाळवंटेही होती. अशा ठिकाणी कॅरिअर निखळून सामान चाकात अडकले, तर स्वार आदळतोच, शिवाय दुरुस्तीला कोणी भेटत नाही.

प्रवासी सायकलींवर कॅरिअरच्या सळ्या चौकटीशी जखडणारे बोल्ट बहुधा अवघे ५ मिलिमीटर जाडीचे असतात. खडबडीत रस्त्यावर पुष्कळदा कॅरिअर शाबूत राहते आणि हा बोल्टच तुटतो. सामानाचे नुसते वजन तो सहज पेलतो; मग तो तुटतो कशाने?

एखादी तार घ्या. ओढून ती तुटणार नाही. पण एकाच जागी मागेपुढे वाकवीत राहिलात, तर थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे होतील. याला धातूचा थकवा म्हणतात. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून याचा सखोल अभ्यास केला. माणसाचा थकवा झोपेने जातो. धातूचा मात्र साचतच राहतो. बोल्टाच्या आट्यांच्या खाचेत केसासारखी चीर पडते, प्रत्येक धक्क्यासरशी वाढते, आणि एके दिवशी डोके गळून पडते.

घट्ट आवळलेल्या बोल्टाला हे धक्के फारसे जाणवत नाहीत, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि सळीला चौकटीवर दाबून धरतो. त्या दोहोंमधील घर्षणच धक्के सोसते. बोल्ट सैल झाला, की सळी हलू लागते व सारे हादरे त्याच्या अंगावर येतात. म्हणून नटाखाली स्प्रिंग वॉशर घालतात, किंवा आत नायलॉनचे कडे असलेला नट वापरतात. तरीही रोज सकाळी पाना लावून पाहणे उत्तम. अति आवळल्यास मात्र आटे झिजून जातात. सामानही खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंस, न हलेल असे बांधावे.

आपल्याकडील जुन्या धाटणीच्या सायकलींत कॅरिअरचे पाय मागच्या चाकाच्या आसावरच नटाखाली बसवलेले असतात. जाडी दुप्पट झाली, की वाकण्यास विरोध करण्याची ताकद आठपट होते. आणि आस तर बोल्टापेक्षा पुष्कळच जाड. दुधाच्या जड किटल्या अशा सायकलींवरून वर्षानुवर्षे वाहिल्या गेल्या, त्याचे एक कारण हेच.

प्रवाशाने त्याच मापाचे दोन-चार बोल्ट व थोडी तार जवळ ठेवावी. तुटक्या बोल्टाचा तुकडा कधीकधी भोकातच रुतून बसतो. तो निघेना, तर तारेने सळी करकचून बांधून पुढचे गाव गाठता येते.