पडदा ढिला हवा

स्फोटाच्या बातमीत मृतांचा आकडा असतो, स्फोटकं किती किलो होती तेही असतं. जखमींना नेमकं काय लागलं, हे क्वचितच छापून येतं. बऱ्याचदा लागलेली असते काच. स्फोट होतो खाली रस्त्यावर आणि समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर टेबलाशी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यात खिडकी घुसते.

मी विणकाम शिकवणारी बाई. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले आणि पुढे तिथल्याच मुलामुलींना ताणा-बाणा, विणी आणि डेनियर शिकवत राहिले. स्फोटकांशी माझा संबंध दिवाळीच्या फटाक्यांपुरता. पण तांत्रिक वस्त्रं हा विषय शिकवायची वेळ आली, तेव्हा स्फोटाला तोंड देणाऱ्या कापडांबद्दल वाचावं लागलं आणि मग ते वाचन सुटलंच नाही. वर्गात मुलांचा पहिला अंदाज नेहमी एकच असतो : कापड जाड हवं, घट्ट विणलेलं हवं, ताणून बसवलेलं हवं. तिन्ही अंदाज बहुतेक वेळा चुकतात.

आधी दाबाचा हिशेब पाहू. स्फोटकाचा क्षणार्धात वायू होतो आणि तो भोवतालच्या हवेला इतक्या जोरात ढकलतो की दाबाची एक लाट बाहेर पळत सुटते. लाट एका जागी टिकते काही मिलिसेकंद. तिच्यामागून उलटी ओढ येते, म्हणून काही काचा रस्त्यावरही पडलेल्या दिसतात. आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्याइतका जादा दाब साधी खिडकी फोडायला पुरतो. कानाचा पडदा फाटायला सुमारे एक तृतीयांश लागतो आणि फुप्फुसांना इजा व्हायला त्याहून बराच अधिक. म्हणजे स्फोटापासून दूर असा मोठा पट्टा उरतो, जिथे नुसत्या लाटेने माणसाला फारसं काही झालं नसतं, पण खिडक्या मात्र सगळ्या फुटतात.

कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ला दारूगोळ्याने भरलेलं ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजाला धडकून पेटलं. ते सुमारे वीस मिनिटं जळत होतं आणि गावातले लोक घराच्या तावदानांना नाक लावून ती आग बघत होते. स्फोटात दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. शेकडोंच्या डोळ्यांत काचा गेल्या. नैरोबीत ७ ऑगस्ट १९९८ला अमेरिकी वकिलातीच्या फाटकाशी आधी हातबॉम्बचा आवाज झाला. काय झालं ते पाहायला शेजारच्या कचेऱ्यांतले लोक खिडकीशी आले, आणि तेवढ्यात ट्रकमधली मुख्य स्फोटकं उडाली. तिथेही अनेकांची दृष्टी गेली. मोठा आवाज झाला की खिडकीशी जायचं नाही, हे शाळेत शिकवायला हवं असं मला वाटतं.

यावर ब्रिटनने काढलेला उपाय मला सर्वांत आवडतो, कारण तो शिलाईचा आहे. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बॉम्बमुळे तिथल्या सरकारी कचेऱ्यांत खिडक्यांना आतून पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म चिकटवू लागले. ही फिल्म किमान शंभर मायक्रॉनची लागते. शिवाय आत जाळीचा पडदा. हा पडदा खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट आणि उंचीच्या साधारण दीडपट शिवतात. जादा कापड खाली खिडकीच्या कट्ट्यावरच्या लांबट खोक्यात घडी करून ठेवतात आणि खालच्या दुमडीत वजनं घालतात. फिल्ममुळे काच फुटली तरी तुकडे एकमेकांना धरून राहतात. ते आत फेकले गेले की पडदा त्यांच्याबरोबर फुगत जातो, खोक्यातलं कापड बाहेर ओढलं जातं, आणि वजनांमुळे पडद्याची खालची कड त्या तुकड्यांभोवती आवळली जाते.

क्रिकेटमध्ये उंच झेल घेताना आपण हात मागे नेतो, तसंच हे आहे. वेग तेवढाच मारायचा असतो, पण तो मारायला वेळ जास्त मिळाला तर हाताला बसणारा फटका कमी होतो. ताणून बसवलेल्या पडद्याकडे हा वेळच नसतो. तो फाटतो, नाहीतर दांडीसकट उपटून येतो आणि मग दांडीच डोक्यात बसते. आणि जाळी अशासाठी की हवा पलीकडे गेली पाहिजे. अडवायची आहे ती काच.

हेच तत्त्व आपल्याकडे खडक फोडणारेही वापरतात. वस्तीजवळ सुरुंगाचा बार काढायचा असला की वर जुन्या टायरच्या पट्ट्या तारदोरात ओवून केलेली जड चटई टाकतात, वर वाळूच्या गोण्या. चटईला फटी असतात. वायू त्यांतून निघून जातो आणि दगड खाली राहतात.

एक्सेटर विद्यापीठात केन एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्याच्या जाळीचा विचार सुतापर्यंत नेला. कुठलंही सूत ओढलं की बारीक होतं, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगतो. त्यांनी केलेलं सूत ओढलं की जाड होतं! रचना बघा. मधे जाडसर, लवचीक धागा. त्याभोवती बारीक पण न ताणणारा, कडक धागा मळसूत्रासारखा गुंडाळलेला. ताण पडला की कडक धागा सरळ व्हायला बघतो, आणि तो सरळ झाला की मधला जाड धागाच त्याच्याभोवती वेटोळे घेतो. एकूण सुताचा घेर वाढतो. अशा सुतांचं कापड ओढलं गेलं की त्यात बारीक भोकं उघडतात. त्यांतून दाब निसटतो आणि काचेचे तुकडे अडकतात. धागे सगळे जुनेच, फक्त पीळ कसा द्यायचा एवढ्यावर हा चमत्कार आहे. पीळ हा माझा आवडता विषय असल्यामुळे मी यावर वर्गात तास घालवते, अभ्यासक्रम मागे पडला तरी.

केवलारशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १९६५मध्ये ड्युपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक टायरसाठी हलका, बळकट धागा शोधत होत्या. त्यांच्या हाती आलेलं द्रावण पातळ आणि गढूळ होतं. यंत्राची बारीक छिद्रं बुजतील म्हणून ते कातायला यंत्रावरचा माणूस आधी तयारच होईना. अखेर धागा निघाला तो वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट ताकदीचा. साध्या कात्रीने तो धड कापला जात नाही, पण उन्हात ठेवला तर हळूहळू दुबळा होतो. त्याचा प्रतिस्पर्धी असलेला खास पॉलिएथिलीनचा धागा इतका हलका की पाण्यावर तरंगतो, मात्र दीडशे अंशांच्या आसपास वितळतो.

गंमत म्हणजे केवलारचं मऊ जाकीट तुकडे अडवतं, दाबाची लाट नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर नुसत्या मऊ जाकिटाने फुप्फुसांची इजा वाढलेली दिसली. म्हणून बॉम्ब निकामी करणाऱ्यांच्या पोशाखात कठीण पत्रे आणि त्यामागे मऊ फोम असे थर असतात. भिन्न घनतेच्या थरांतून जाताना लाटेचा जोर मोडतो. हा पोशाख तीस किलोंच्या वर जातो, आत घामाने जीव नकोसा होतो, आणि हात बहुधा उघडेच असतात, कारण तार हाताळायला बोटं मोकळी लागतात.

रेशमाचं ऐकून मात्र माझ्या विद्यार्थिनींना हसू आवरत नाही. अफगाणिस्तानात पायाखालच्या सुरुंगांनी ब्रिटिश सैनिकांना मांड्या आणि जांघेत भयंकर जखमा होत. २०१०च्या सुमारास त्यांना रेशमी चड्ड्या देण्यात आल्या. रेशमाने मोठा तुकडा थांबत नाही, पण स्फोटाबरोबर उडणारी बारीक माती, खडी, घाण मांसात शिरणं कमी होतं आणि जखम चिघळण्याचा धोका घटतो. रेशमाचा तंतू लांबच लांब अखंड असतो, तुटण्याआधी बराच ताणतो आणि नायलॉनसारखा वितळून कातडीला चिकटत नाही. आपल्याकडे पैठणीचं रेशीम जपायला केवढा जीव टाकतात, आणि इथे रेशमानेच माणूस जपला!

कापडाची सर्वांत मोठी परीक्षा विमानात झाली. २३ जून १९८५ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान सामानातल्या बॉम्बने अटलांटिकवर फुटलं, ३२९ जण गेले. १९८८मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर असंच एक विमान फुटलं, २७० गेले. यानंतर पोलादासारखे टणक सामानपेटारे करून पाहिले गेले, पण ते जड, महाग. युरोपातल्या ‘फ्लाय-बॅग’ प्रकल्पाने चिवट धाग्यांच्या अनेक थरांची पिशवीच केली. सामान पिशवीत, पिशवी विमानाच्या पोटात. २०१५मध्ये इंग्लंडच्या कोट्सवोल्ड विमानतळावर निवृत्त बोइंग ७४७ आणि एअरबस ए३२१मध्ये तिच्यात खरे स्फोट करून पाहिले. शेफील्ड विद्यापीठाचे लोक त्या चाचण्यांत होते. पिशवी फुगली आणि स्फोट तिने पोटात ठेवला. टणक पेटी तडकली की तिचेच तुकडे गोळ्यांसारखे सुटतात, पिशवीला तो दोष नाही.

आता तांत्रिक वस्त्रांना आपल्याकडेही बरे दिवस आहेत. केंद्राने २०२०मध्ये १,४८० कोटींचं अभियान मंजूर केलं, आणि आमच्या गावात धोतर-साडीवाले कारखानदारही ‘बाई, त्या स्फोटाच्या कापडाचं काय?’ असं विचारतात. त्यांना सांगते, विणणं सोपं आहे, बसवणं अवघड. एखाद्या कचेरीत कुणी स्फोटरोधक म्हणून पडदे विकायला आलं, तर किती ग्रॅमचं कापड आहे ते नंतर विचारा. आधी फिल्म चौकटीच्या कडेपर्यंत नेली आहे का, दांडी भिंतीत कशाने धरली आहे आणि धुवायला काढलेला पडदा वजनांसकट परत लावायची जबाबदारी कुणाची, एवढं पाहा. चाचणी नुसत्या कापडाची केली की खिडकीसकट, तेही लिहून घ्या. आणि शिंप्याने नीटनेटका, अगदी खिडकीच्या मापाचा शिवून आणला असेल, तर तो परत पाठवा.