शास्त्रवचन आणि समलिंगी विवाह : मराठी ख्रिस्ती मंडळीपुढील पेच

परंडा तालुक्यातील सोनारी हे भैरवनाथाचे ठाणे म्हणून सर्वश्रुत आहे. भैरवनाथाबरोबर जोगेश्वरी पूजिली जावी हा तर या प्रांतीचा रिवाजच. अशा क्षेत्राच्या आसमंतात वाढलेल्या माणसास विवाह हा आधी संस्कार आणि मागाहून सरकारी दप्तरातील नोंद, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. या तालुक्याच्या एका अंगास सोलापूर जिल्हा व दुसऱ्या अंगास अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. या दोन्ही जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मंडळ्या उभारल्या. त्या मंडळ्यांतील घराण्यांची दैवते बदलली, प्रार्थना बदलल्या. परंतु विवाह हा देवासमक्ष व्हावयाचा, ही भावना मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या इतकीच दृढ राहिली. त्यामुळेच दोन पुरुषांच्या अथवा दोन स्त्रियांच्या विवाहास देवाचा आशीर्वाद मागता येईल काय, हा प्रश्न पुढे आला की त्या घरांत तो केवळ कायद्याचा राहत नाही. तो शास्त्राचा होतो.

बाहेरच्या माणसास वाटते की, बायबलात निषेध आहे, तेथे वाद कसला? शास्त्र उघडून पाहिले असता असे दिसते की, या विषयाशी थेट संबंध जोडला जातो अशी स्थळे एवढ्या मोठ्या ग्रंथात सहासातच आहेत. संख्येने थोडी म्हणून ती हलकी ठरत नाहीत, हे खरे. पण प्रत्येकाचा संदर्भ वेगळा आहे, आणि जाणत्या भाष्यकारांचे मतभेद सुरू होतात ते तेथेच.

पहिले स्थळ उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायातील सदोम नगराचे. लोटाच्या घरी आलेल्या पाहुण्यांवर नगरातील पुरुष चालून येतात आणि ते नगर अग्नीने नष्ट होते, ही कथा पुष्कळांस ठाऊक असते. या कथेवरून इंग्रजी भाषेत एका कृत्यास नावही पडले. परंतु कथेत आहे तो झुंडीने केलेला बलात्काराचा प्रयत्न आणि आतिथ्यधर्माचा भंग. यहेज्केल संदेष्टा सदोमाचे पाप सांगू लागतो तेव्हा गर्व, अन्नाची चंगळ आणि दीनदुबळ्यांची उपेक्षा यांचा पाढा प्रथम वाचतो. नव्या करारातील यहूदाचे पत्र मात्र त्याच नगराच्या संदर्भात अनीतीच्या वासनेचा उल्लेख करते. तेव्हा या कथेवरून दोघांच्या राजीखुशीच्या सहजीवनाविषयी निर्णय काढणे अवघड आहे, एवढे पारंपरिक मताचे अनेक पंडितही आज मान्य करतात.

लेवीय पुस्तकाच्या अठराव्या व विसाव्या अध्यायांतील निषेध याहून स्पष्ट आहे. पुरुषाने पुरुषाशी स्त्रीप्रमाणे शय्या करू नये, असा त्याचा आशय असून दुसऱ्या स्थळी त्यास देहान्त शिक्षा सांगितली आहे. नव्या मताचे लोक म्हणतात की, याच संहितेत दोन जातींच्या धाग्यांचे वस्त्र घालण्यासही मनाई आहे, ती कोण पाळतो? जुन्या मताचे लोक उत्तर देतात की, त्याच अठराव्या अध्यायात रक्ताच्या नात्यातील संबंधांचाही निषेध आहे, तो कोणी सोडून दिला आहे काय? दोन्ही उत्तरे बिनतोड वाटतात, आणि म्हणूनच लेवीय पुस्तकाच्या आधारे हा वाद कधी मिटत नाही.

वादाचे खरे मर्म पौलाच्या पत्रांत आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो पुरुषांचाच नव्हे, तर स्त्रियांचाही उल्लेख करतो, आणि त्यांचे वर्तन निसर्गाविरुद्ध ठरवितो. पारंपरिक वाचक म्हणतात की, पौल येथे सृष्टीच्या मूळ रचनेकडे बोट दाखवीत आहे, एखाद्या विशिष्ट दुराचाराकडे नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो की, पौलाच्या डोळ्यांपुढे मूर्तिपूजेतून ओढवलेला विषयांचा अतिरेक आहे, आणि त्या काळच्या रोमन जगात धनी लोक गुलामांचा व कोवळ्या मुलांचा उपभोग घेत. जन्मतःच ज्याचा ओढा समलिंगी व्यक्तीकडे आहे व जो एकनिष्ठेने संसार करू इच्छितो, असा मनुष्य पौलाच्या विचारात आलेलाच नाही. या दुसऱ्या युक्तिवादात तथ्य असले तरी तो पुरा पडत नाही, कारण पौलाचे शब्द गुलाम आणि मुले यांच्यापुरते मर्यादित नाहीत. उलटपक्षी, पहिला अध्याय मोठ्याने वाचणारे पुष्कळ उपदेशक दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी थांबतात. तेथे पौल एकाएकी वळून, दुसऱ्याचा न्याय करणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सहाव्या अध्यायाची गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. देवाच्या राज्याचे वारस न होणाऱ्यांच्या यादीत तेथे दोन ग्रीक शब्द येतात. ‘मलाकोई’ या पहिल्याचा सरळ अर्थ मऊ, नाजूक किंवा दुबळे. ‘आर्सेनोकोइताई’ हा दुसरा शब्द पुरुष आणि शय्या या दोन शब्दांचा जोड असून, पौलापूर्वीच्या उपलब्ध ग्रीक वाङ्मयात तो आढळत नाही. लेवीय पुस्तकाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे दोन घटक शब्द जवळजवळ आले आहेत. तेथूनच पौलाने तो बनविला असावा, हे मत सबळ आहे. इंग्रजीत 1946 साली निघालेल्या सुधारित नव्या करारात या दोन शब्दांच्या जागी मिळून ‘होमोसेक्शुअल्स’ हा एकच शब्द प्रथम आला, आणि 1971 च्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. मधली पंचवीस वर्षे त्या भाषांतराच्या वाचकांस पौल एका कृत्याचा नव्हे, तर एका जातीच्या माणसांचाच निषेध करतो असे वाटत राहिले.

मराठीत हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून अवघ्या बायबलाचे मराठी भाषांतर केले. 1922 साली त्या निवर्तल्या व ग्रंथ 1924 साली केडगावच्या मुक्तिसदनातून प्रसिद्ध झाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. अशा प्रत्येक भाषांतरकारास ठरवावे लागते की, येथे कृत्य सांगावयाचे की वृत्ती. ‘समलिंगी’ हा आज रूढ झालेला शब्द अर्वाचीन आहे; तो मनुष्याच्या घडणीविषयी बोलतो. पौलाचा शब्द कृत्याविषयी बोलतो. एकाच्या जागी दुसरा बसविला की मंडळीतील एखादा अविवाहित, शीलवान तरुणही नुसत्या घडणीमुळे दोषी ठरतो. आणि तेवढे तर जुन्या मताचे धर्मशास्त्रही म्हणत नाही.

येशूच्या मुखातून या विषयावर प्रत्यक्ष वचन आलेले नाही. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मात्र, देवाने आरंभी नर व नारी निर्माण केली आणि ती दोघे एकदेह होतात, या उत्पत्तीतील वचनाचा त्याने आधार घेतला आहे. पारंपरिक पक्षाचा मुख्य आधार निषेधवचनांपेक्षा हाच आहे, आणि तोच अधिक बळकट आहे. परंतु तेथे येशूस विचारलेला प्रश्न होता घटस्फोटाचा, आणि त्याचे उत्तर घटस्फोटाविरुद्ध अत्यंत कडक होते. त्या उत्तराचे पुढे काय झाले, हे मराठी ख्रिस्ती घराण्यांस पुरते ठाऊक आहे. धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्या ख्रिस्ती व्यक्तीस मोकळे होता यावे म्हणून 1866 साली हिंदुस्थानात खास कायदा झाला, आणि त्याच्या पाठीशी पौलाचेच एक वचन होते. 1869 च्या घटस्फोटाच्या कायद्यात पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य वा परित्यागासारखे आणखी काही सिद्ध केल्यावाचून बहुधा पत्नीची सुटका नसे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली व 2001 साली संसदेने कायदाच सुधारला. कॅथलिक मंडळी घटस्फोट मानीत नाही. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र घटस्फोटितांचे पुनर्विवाह लागतात, आणि ते लावणारे पाळक मत्तयाचा तो अध्याय वाचल्यावाचून राहिलेले नसतात. वचन तेच राहिले; दुःखी संसारांकडे पाहून मंडळीने त्याचा विनियोग बदलला. असाच बदल येथेही करता येईल की येथे सृष्टीचा मूळ पायाच आड येतो, एवढाच आता खरा प्रश्न उरतो.

या प्रश्नास मराठी मुलखात एक चमत्कारिक वळण आहे. 1813 साली मुंबईस उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी ज्या मंडळीच्या वतीने शास्त्र आणले, तिची आजची वारस युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट ही होय. तिच्या महासभेने 2005 साली अटलांटा येथे समलिंगी विवाहास पाठिंबा देणारा ठराव केला. मुंबई, पुणे, नागपूर येथे शाळा-कॉलेजे काढणाऱ्या स्कॉटिश मिशनच्या मातृसंस्थेने, चर्च ऑफ स्कॉटलंडने, 2022 साली इच्छुक पाळकांस असे विवाह लावण्याची मुभा दिली. नाशिककडे काम केलेल्या मिशनऱ्यांच्या चर्च ऑफ इंग्लंडने विवाहाची व्याख्या बदलली नाही. पण 2023 च्या डिसेंबरपासून अशा जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना तेथे होऊ लागल्या. या तिन्ही मिशनांच्या परंपरेतील बहुतेक मराठी मंडळ्या 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरास स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, एकवटल्या. ही मंडळी स्त्री-पुरुष विवाहच मानते. आईने एक वाट धरली, लेक दुसऱ्या वाटेने चालली. नागपुरासच मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेने लैंगिक विविधतेवर चर्चा व ग्रंथप्रकाशन केले. तथापि अशा चर्चेने घटक मंडळ्यांचा विवाहविधी बदलत नाही.

अशा वेळी ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे’ असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ आढळतात. पण ज्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरला, ते 1860 च्या दंडसंहितेतील कलम 377 देखील पश्चिमेकडूनच आले होते. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी ते सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी त्याच्या पाच वर्षे आधीच, 2013 साली, असे सांगितले होते की, कॅथलिक मंडळी समलिंगी विवाहास मान्यता देत नाही, परंतु अशा व्यक्तींना गुन्हेगार मानणे तिला मंजूर नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ कृत्य अयोग्य मानतो, पण व्यक्तीस आदराने वागवावे असेही सांगतो. 18 डिसेंबर 2023 च्या रोमच्या पत्रकाने, विवाहविधीचा भास होणार नाही अशा रीतीने धर्मगुरूंना जोडप्यास साधा आशीर्वाद देण्याची मोकळीक दिली.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने विवाह हा मूलभूत हक्क नाही व 1954 चा विशेष विवाह कायदा न्यायालयास नव्याने लिहिता येत नाही, असे एकमताने ठरविले. विवाहाऐवजी निराळ्या नागरी बंधनास मान्यता देण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. 2025 च्या जानेवारीत पुनर्विचाराचे अर्जही नामंजूर झाले. 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा तर पुरुषाचे वय निराळे व स्त्रीचे निराळे सांगूनच चालतो. म्हणजे उद्या एखाद्या मराठी पाळकाचे मन वळले, तरी त्याने लावलेल्या अशा विवाहास कायद्याचा आधार मिळणार नाही.

परंतु विवाहाखेरीज इतर गोष्टी त्या पाळकाच्या हाती आजही आहेत, आणि त्यांस ना संसदेची आडकाठी आहे, ना न्यायालयाची. यशया संदेष्ट्याने मंदिरातून वगळलेल्या षंढास देवाच्या घरात पुत्रकन्यांहून थोर नाव देऊ केले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प एका कूशी षंढास वाटेतल्या पाण्यातच बाप्तिस्मा देतो. षंढ आणि समलिंगी एक नव्हेत, हे उघड आहे; पण शास्त्राने एकदा बंद केलेले दार शास्त्रानेच उघडल्याची ही साक्ष दोन्ही पक्षांच्या बायबलात आहे. आपल्या घडणीविषयी पाळकास खरे सांगणाऱ्या तरुणास प्रभुभोजनाच्या पंक्तीस बसू द्यावयाचे की नाही, त्याच्याकडून उपासनेत गायन करवून घ्यावयाचे की नाही, त्याच्या आईवडिलांस घरी भेटीस जाऊन काय सांगावयाचे, आणि तो बहिणीच्या लग्नात मांडवात उभा राहिला असता मंडळीने त्याच्याशी बोलावयाचे की नाही, हे सोलापूर-नगरकडच्या मंडळ्यांस सिनडच्या ठरावाची वाट न पाहता ठरवावे लागते.