डोक्यातली वही फोनात

मैत्रिणींनो, गटाची वही आपण चोख ठेवतो. बचत किती जमली, कर्ज कोणाकडे किती, हप्ता कधी, सगळं लिहिलेलं असतं. पंचसूत्रीतलं एक सूत्रच मुळी लेखे नीट ठेवण्याचं आहे. पण घराची वही कुठे असते? ती बाईच्या डोक्यात. सिलिंडर कधी लावला, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या कधी संपणार, शाळेची फी, शनिवारी होमस्टेवर जेवायला माणसं किती, सुक्या बांगड्याचे पैसे कोणाकडून यायचे राहिले. मग ती बाई चार दिवस माहेरी गेली किंवा तापाने पडली, की घरून तासातासाला फोन. "आये, तां खंय ठेवलंस?"

लक्षात ठेवणं हेसुद्धा कामच आहे, फक्त ते कोणाला दिसत नाही. लिहून ठेवलं की दिसतं, आणि दिसलं की दुसऱ्याच्या अंगावर थोडं टाकता येतं. नोट्स ॲपचा खरा उपयोग मला एवढ्यासाठीच वाटतो.

बऱ्याच जणी आत्ताही काहीतरी करतातच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला मेसेज. यात वाईट काही नाही. पण मेसेज दोन दिवसांत वर सरकतो, मग शोधत बसा. नोट्स ॲपमध्ये प्रत्येक विषयाची वेगळी चिठ्ठी राहते आणि ती हवी तेव्हा बदलता येते. गूगल कीप हे असं ॲप २०१३ साली आलं, फुकट आहे आणि पुष्कळ अँड्रॉइड फोनांवर आधीपासूनच असतं. तुमच्या फोन कंपनीचं दुसरं असेल तरी चालेल. इथे मी कीपचं सांगते.

सुरुवात करण्याआधी एक बघा, फोनात जीमेल खातं कोणाचं आहे? आपल्याकडे फोन पुष्कळदा मुलाने सुरू करून दिलेला असतो आणि खातं त्याचंच राहतं. मग तुम्ही लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी त्याच्या खात्यात जाते, त्याच्या फोनवरही दिसते. ती लपवायची असते असं नाही, पण आपली वही आपल्या नावावर हवी. सीआरपी ताईंना किंवा घरातल्या मुलीला सांगून स्वतःचं खातं काढून घ्या. पासवर्ड स्वतः टाका.

पहिली चिठ्ठी बाजाराची करा. अधिकच्या चिन्हावर बोट ठेवा, यादीचा पर्याय निवडा, एकेक वस्तू लिहा. आणली की चौकोनात खूण करा, ती वस्तू खाली जाते. टाइप करायला वेळ लागतो म्हणून कंटाळा येत असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून घेतो. (मालवणीत बोललात तर भलतंच काहीतरी लिहितो, तेव्हा जरा पुस्तकी बोला.) ही यादी घरातल्यांना जोडता येते. चिठ्ठीच्या मेनूत सहभागी माणूस जोडायचा पर्याय असतो, तिथे नवऱ्याचा किंवा मुलाचा जीमेल टाका. मग मालवणच्या बाजारात गेलेल्याला घरी फोन करावा लागत नाही. तुम्ही घरातून "तिरफळं" लिहिलंत की त्याच्या फोनवर दिसतं. फक्त दोघांकडे नेट हवं. नेट नसेल तेव्हाही लिहिता येतं, रेंज आली की पुढे जातं. ज्या चिठ्ठ्या तुम्ही कोणाला जोडल्या नाहीत, त्या फक्त तुमच्या खात्यातच राहतात.

दुसरी चिठ्ठी तारखांची. घंटेच्या चिन्हावर तारीख-वेळ दिली की फोन आठवण करतो. इथे एक उदाहरण पैशाचंच देते. जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापले जातात. दोन्ही विमे असतील तर खात्यात ४५६ रुपये हवेत. त्या दिवसांत शिल्लक नसली तर विमा तुटतो, आणि ते कळतं तेव्हा घरावर संकट आलेलं असतं. २० मेची घंटा लावून ठेवा. खाद्यपदार्थ विकत असाल आणि तुमच्या अन्न नोंदणीला मुदत असेल, तर ती संपण्याच्या महिनाभर आधीची तारीखही टाका.

तिसरी चिठ्ठी धंद्याची, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच. समजा, मे महिन्यात आगळ केलंत. चिठ्ठीत लिहा: बरणी नंबर, तारीख, रातांबे किती किलो, कोणाकडून, काय भावाने, मीठ किती, बाटल्या किती भरल्या. बाटलीवर तोच नंबर चिकटवा. पुढे गणपतीत एखाद्या गिऱ्हाईकाने बुरशी आल्याची तक्रार केली, तर कुठल्या बरणीचा माल ते लगेच कळतं आणि सगळाच माल फेकावा लागत नाही. सुक्या मासळीचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून माल मेपर्यंत भरावा लागतो. यंदा कुठल्या आठवड्यात काय भाव पडला हे लिहिलेलं असलं, तर पुढच्या वर्षी भाव करताना "गेल्या वर्षी एवढाच होता" हे आठवणीवर सांगावं लागत नाही. होमस्टेवाल्यांनी प्रत्येक बुकिंगची चिठ्ठी करावी: माणसं किती, शाकाहारी किती, आगाऊ पैसे किती आले, न्याहारीला घावणे की आंबोळ्या. काम झालं की ती पुसू नका, संग्रहात टाका. पुसलेली चिठ्ठी सात दिवसच कचरापेटीत राहते, मग कायमची जाते.

आता काय लिहायचं नाही ते. एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, बँकेचा पासवर्ड कधीही नको. कीपला स्वतःचं वेगळं कुलूप नाही. फोन उघडला की चिठ्ठी उघडली, म्हणून फोनला लॉक हवंच. आधार, सातबारा यांचे फोटोही इथे भरू नका, त्यासाठी सरकारचं डिजिलॉकर आहे. गटाचा हिशेबही इथे नको. तो दप्तरात आणि लोकोसवरच राहू द्या. फोनातल्या चिठ्ठीवर दहा जणींच्या सह्या नसतात.

कागदही पूर्ण सोडू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावर कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. चार्जिंग संपलेल्या फोनातली यादी काय कामाची? महत्त्वाचे फोन नंबर, पासबुकाचा नंबर आणि औषधांची नावं एका कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. उलट, फोन खाडीत पडला किंवा हरवला तर घाबरू नका. नव्या फोनवर त्याच जीमेलने गेलात की चिठ्ठ्या परत दिसतात. त्यासाठी जीमेलचा पासवर्ड मात्र ठाऊक हवा, तोही त्याच कागदावर नको, वेगळ्या जागी.