मुका मार आणि न जाणारा काळानिळा डाग

गेल्या पावसाळ्यात बाह्यरुग्ण विभागात एक आजी आल्या. वय ६८. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरून मांडीला मुका मार बसला होता. हाड शाबूत होते, आजी चालतही होत्या. पण पाच आठवडे उलटले तरी मांडीवर तळहाताएवढा काळपट डाग होता आणि त्याखाली टणक गाठ लागत होती. "रोज दोन वेळा गरम तेलाने चोळून देते, तरी उतरत नाही," सूनबाई काकुळतीने सांगत होत्या. मी विचारले, कुठल्या गोळ्या चालू आहेत का? आजी म्हणाल्या, "आता नाहीत."

त्या 'आता'वर मी अडखळलो. मग पिशवीतून कागद निघाला. पाच महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू. "रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळेच डाग जात नाही" असे शेजारी कुणीतरी सांगितले म्हणून चार दिवसांपासून दोन्ही बंद केल्या होत्या. मांडीचा डाग राहिला बाजूला, मी आधी ईसीजी काढायला पाठवले.

शेजाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे होते, हीच पंचाईत. मार लागला की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आसपासच्या मांसात साकळते. या गोळ्यांमुळे रक्त थांबायला वेळ लागतो, म्हणून जास्त रक्त साकळते आणि ते शोषले जायलाही जास्त दिवस लागतात. पण नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका येतो. डागासाठी तो धोका पत्करायचा नसतो. गोळी बदलायची की नाही, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

साकळलेल्या रक्ताचे पुढे काय होते, हे त्वचेवर रंगांतून दिसते. पहिल्या एक-दोन दिवसांत डाग लालसर, मग निळा-जांभळा होतो. सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी हिमोग्लोबिन फोडू लागल्या की हिरवट छटा येते, ती बिलिव्हर्डिनची. त्याचे बिलिरुबिन होते आणि डाग पिवळा पडतो. काविळीत डोळ्यांत दिसतो तोच हा पदार्थ. उरलेल्या लोहाचा तपकिरी ठसा शेवटी राहतो. सावळ्या त्वचेवर हे सगळे रंग दिसतीलच असे नाही. मारामारीच्या प्रकरणात पोलीस विचारतात, "डॉक्टर, डाग किती दिवसांचा?" नुसत्या रंगावरून नेमके दिवस सांगता येत नाहीत, हे त्यांना दर वेळी समजावावे लागते.

साधा डाग दोन आठवड्यांत जातो. पायावरचा रेंगाळतो, कारण तिथे रक्त खाली उतरते. मांडीला लागलेले आठवड्याने गुडघ्यामागे निळे दिसले तर घाबरू नये. वय झाले की त्वचा पातळ होते आणि हातावर नुसत्या धक्क्याने डाग पडतात. स्टेरॉइड बरेच दिवस घेणाऱ्यांचेही तसेच. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइडच मिसळलेले असते, म्हणून त्या पुड्यांचीही चौकशी मी करतोच.

आपल्याकडे मुका मार म्हटला की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. ताज्या मारावर चोळल्याने थांबत आलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. मांडीच्या स्नायूत खोल रक्त साकळले असेल आणि ते जोराने रगडले, तर काही जणांत त्या जागी चक्क हाड तयार होऊ लागते. कबड्डी खेळणाऱ्या पोरांत मी हे पाहिले आहे, एरवी महिन्याभरात मैदानावर परतली असती ती मुले. पहिले दोन दिवस रुमालात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा ठेवावा आणि पाय उशीवर उंच ठेवावा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन त्यासाठी स्वतःहून घेऊ नये. दोन दिवसांनंतर कोमट शेक चालतो. मधुमेहाने पाय बधिर असतील तर शेकही नको, भाजलेले कळत नाही. आंबेहळदीचा लेप लावायला माझी हरकत नाही, फक्त त्वचा फुटलेली नसावी आणि लेप कढत नसावा. मेडिकलमधल्या मलमाचा वरच्या डागाला थोडाफार उपयोग होतो, खोल गाठीपर्यंत ते पोहोचत नाही. आणि गाठीत घरी सुई खुपसू नये. साकळलेले रक्त जंतूंना फार मानवते.

तीन-चार आठवड्यांत डाग कमी होत नसेल, गाठ वाढत असेल, किंवा काही न लागताच डाग उमटत असतील तर दाखवावे. सोबत हिरड्यांतून रक्त किंवा ताप असेल तर त्याच दिवशी यावे. डेंग्यूत प्लेटलेट घटल्यानेही असे होते. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्याच्या अंगावर सहज डाग पडू लागले तर यकृत तपासावे लागते. मार लागलेली पोटरी दगडासारखी घट्ट होऊन असह्य दुखू लागली, बोटांना मुंग्या आल्या, तर रात्री दोन वाजताही निघावे. स्नायूंचा रक्तपुरवठा तुटायला काही तास पुरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांच्या डोक्याला मार लागला, तर नुसते टेंगूळ म्हणून सोडू नये, लगेच तपासून घ्यावे. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठून डोकेदुखी, गुंगी, चालताना तोल जाणे हे कधी कधी काही आठवड्यांनंतर दिसते.

आजींचा ईसीजी सुदैवाने ठीक निघाला. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या. सोनोग्राफीत स्नायूत लिंबाएवढी रक्ताची गाठ दिसली. तिला हात लावला नाही, फक्त चोळणे बंद केले. गाठ विरायला आणखी दोन महिने लागले. तपकिरी ठसा अजून आहे. परवा आल्या तेव्हा आजी म्हणाल्या, "राहू दे, लुगड्याखाली कोण बघतंय?"