उठवणं, उठणं आणि स्पॅनिशमधलं छोटंसं ‘से’

आजच्या भागाचा हा लेखी अवतार. ऐकताना उदाहरणं भराभर निघून जातात, म्हणून इथे ती जरा सावकाश मांडतेय. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

मी स्पॅनिश शिकतेय ते कामासाठी. दिवसभर कोड लिहायचा आणि संध्याकाळी मेक्सिकोतल्या टीमबरोबर कॉल. त्यामुळे माझी भूक साहित्याची नाही, समोरचा नेमकं काय म्हणाला ते कळण्याची आहे. आणि सुरुवातीच्या पातळीवर, म्हणजे ए-वनला, जिथे गाडी सगळ्यांचीच अडते ती जागा म्हणजे रिफ्लेक्सिव्ह क्रियापदं.

आधी सांगाडा बघू. शब्दकोशात काही क्रियापदांच्या शेवटी ‘से’ चिकटलेलं दिसतं. लाबार म्हणजे धुणे, लाबार्से म्हणजे स्वतःचं अंग, हात-तोंड धुणे. वाक्यात हे ‘से’ सुटून पुढे येतं आणि कर्त्याप्रमाणे बदलतं:

मी : मे लाबो
तू : ते लाबास
तो, ती, आपण (आदरार्थी) : से लाबा
आम्ही : नोस लाबामोस
तुम्ही (स्पेनमध्ये) : ओस लाबाइस
ते, त्या, तुम्ही सगळे : से लाबान

लॅटिन अमेरिकेत ‘ओस’वालं रूप वापरत नाहीत, तिथे तुम्हा सगळ्यांसाठीही ‘से लाबान’च. म्हणजे माझ्यासारखीला पाठ करायला एक ओळ कमी!

आता प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर, क्रिया करणारा आणि क्रिया ज्याच्यावर होते तो, दोन्हीकडे एकच व्हेरिएबल असेल तर ते रिफ्लेक्सिव्ह. ‘मे लाबो’मध्ये ‘मे’ही मी आणि ‘लाबो’चा ‘ओ’ही मीच. पण ‘ते लाबो’ म्हटलं तर? ‘ते’ म्हणजे तुला, ‘ओ’ म्हणजे मी. मी तुला धुते. व्याकरण बरोबर आहे, पण रिफ्लेक्सिव्ह नाही.

इथवर पुस्तकं व्यवस्थित सांगतात. गोंधळ पुढे होतो. बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून शिकवतात, ‘से’ म्हणजे ‘स्वतःला’ असं सांगतात आणि मग ‘लेबान्तार्से’ म्हणजे ‘स्वतःला उठवणे’ असा विचित्र अर्थ डोक्यात बसतो. सकाळी स्वतःला कोण उठवतं? आपण उठतो. गंमत म्हणजे लॅटिनमधून आलेलं हे ‘से’ आणि संस्कृतातलं ‘स्व’ हे मुळात एकाच घराण्यातले शब्द आहेत. पण नातं आहे म्हणून भाषांतर तेच करायचं असं नाही.

मराठीत याची किल्ली दुसरीकडे आहे. ही जोडी बघा: उठणे-उठवणे, बसणे-बसवणे, झोपणे-झोपवणे. आपल्याकडे साधं क्रियापद म्हणजे आपण स्वतः करतो ते. दुसऱ्याला करायला लावायचं असेल तर ‘व’ जोडायचा. स्पॅनिशमध्ये उलटं आहे. तिथे साधं क्रियापद म्हणजे दुसऱ्यावर केलेली क्रिया, आणि ‘से’ जोडलं की ती आपल्यापाशी परत येते:

लेबान्तार : उठवणे, उचलणे / लेबान्तार्से : उठणे
सेन्तार : बसवणे / सेन्तार्से : बसणे
आकोस्तार : झोपवणे / आकोस्तार्से : आडवं होणे
बान्यार : आंघोळ घालणे / बान्यार्से : आंघोळ करणे

मराठी ‘व’ लावून बाहेर जाते, स्पॅनिश ‘से’ लावून आत येते. हे एकदा लक्षात आलं की रोजच्या दिनक्रमाची निम्मी क्रियापदं घोकावी लागत नाहीत.

दुसरा फायदाही मराठीचाच. ‘मे लाबो लास मानोस’ म्हणजे मी हात धुते. इथे ‘माझे हात’ म्हणत नाहीत. इंग्रजीच्या सवयीने ‘माझे’ घुसवावंसं वाटतं, पण आपणही ‘मी माझे हात धुते’ असं कुठे म्हणतो? कोणाचे हात ते स्पॅनिशमध्ये ‘मे’ सांगतं, मराठीत संदर्भ सांगतो.

एक सापळा मात्र आहे. ‘मे गुस्ता एल काफे’, म्हणजे मला कॉफी आवडते. यात ‘मे’ आहे, पण हे रिफ्लेक्सिव्ह नाही. इथला ‘मे’ म्हणजे सरळ आपला ‘मला’, आणि कर्ता आहे कॉफी. ओळखायचं कसं? वाक्य ‘ती’वर नेऊन बघा. ‘से लाबा’ होतं, पण कॉफीचं ‘ले गुस्ता’ होतं. ‘से’ आलं तर रिफ्लेक्सिव्ह, ‘ले’ आलं तर नाही. मे, ते, नोस, ओस दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे ही चाचणी फार कामाची.

जागेचा नियम थोडक्यात. चालवलेल्या क्रियापदाच्या आधी: मे लेबान्तो. मूळ रूपाला मागे चिकटवता येतं: किएरो लेबान्तार्मे, मला उठायचंय. किंवा पुढे काढता येतं: मे किएरो लेबान्तार. दोन्ही बरोबर. आज्ञा करताना मागे, लेबान्ताते, ऊठ! पण नको म्हणताना पुढे, नो ते लेबान्तेस, उठू नकोस.

आता अर्थ बदलणारी मंडळी. इर म्हणजे जाणे, इर्से म्हणजे निघून जाणे. दोर्मिर म्हणजे झोपणे, दोर्मिर्से म्हणजे झोप लागणे. कोमेर म्हणजे खाणे, ‘मे कोमी तोदा ला पित्सा’ म्हणजे अख्खा पिझ्झा खाऊन टाकला. निघून जाणे, खाऊन टाकणे. आपली संयुक्त क्रियापदं जे काम करतात त्यातलं बरंचसं हे ‘से’ करतं. इथे ‘स्वतःला’ शोधत बसलात तर हाती काहीच लागणार नाही.

आणि शेवटचा प्रकार, ज्याच्यासाठी हा भाग करावासा वाटला. तीन वाक्यं बघा:

बोर्रे ला ताब्ला : मी टेबल डिलीट केलं.
से बोर्रो ला ताब्ला : टेबल डिलीट झालं.
से मे बोर्रो ला ताब्ला : माझ्याकडून टेबल डिलीट झालं.

करणं, होणं, आणि माझ्याकडून होणं. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘मी ग्लास फोडला’ आणि ‘माझ्या हातून ग्लास फुटला’ यातलं अंतर आपल्याला लहानपणापासून चांगलंच माहीत आहे.

मागच्या तिमाहीत एका कॉलवर पलीकडची सहकारी म्हणाली, ‘से बोर्रो ला ताब्ला’. स्क्रीनवर आपोआप उमटणाऱ्या ओळींनी सुरुवातीचं ‘से’ गिळलं. उरलं ‘बोर्रो ला ताब्ला’. स्पॅनिशमध्ये कर्ता गाळला तरी चालतो, त्यामुळे याचा अर्थ झाला ‘त्याने किंवा तिने टेबल डिलीट केलं’. झालं, आमच्याकडून लगेच प्रश्न: कोणी केलं? पुढची पंधरा मिनिटं दोन नावांभोवती संशय फिरत राहिला. तिचं मूळ वाक्य मला ऐकू आलं होतं, म्हणून मी मध्ये बोलले की ती कोणाचं नाव घेत नाहीये, टेबल गेलंय एवढंच सांगतेय. नंतर लॉग पाहिले तर रात्री आपोआप चालणाऱ्या साफसफाईच्या स्क्रिप्टने ते उडवलं होतं. माणूस कोणीच नव्हता. एका अक्षराने दोन जणांवर आळ येता येता राहिला.

म्हणून सांगते, ‘से’ला शेपूट समजू नका. ते ऐकायची सवय लावा. सरावासाठी एक सोपा उपाय: रोज रात्री दिवसभरातल्या पाच गोष्टी लिहा. उठले, आंघोळ केली, बसले, निघाले, आडवी झाले. प्रत्येकीसमोर आधी मराठी जोडी लिहा, उठणे-उठवणे अशी, आणि मग स्पॅनिश. आठवड्याभरात ‘से’ कुठे लागतं ते हाताला कळायला लागेल.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि निरोपाचा शब्दही याच कुळातला आहे. शब्दशः ‘आपण एकमेकांना पाहतो’, पण अर्थ आपला नेहमीचा, भेटू पुन्हा. तर मंडळी, नोस बेमोस!