अडगळीतला संगणक पुन्हा कामाला लावा

खोपोलीच्या एका कारखान्यात कंत्राटी काम करणारे आमच्या ओळखीचे एक बांधव आहेत. मुलगी बारावी झाली, कॉलेजात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. मोबाइलवर अर्ज अर्ध्यावरच अडकायचा, दाखल्याची फाइल ठरवून दिलेल्या केबीत बसेना. शेवटी बापाने दोन दिवसांचा खाडा केला आणि लेकीला घेऊन कर्जतला सायबर कॅफेच्या रांगेत उभा राहिला. अर्ज एकदाचा गेला. नंतर कळले की त्यांच्या घरात संगणक आहे! कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, कपाटाशेजारी टॉवेल पांघरून बसलेला. "चालू होतो हो, पण अर्धा तास घेतो," ते म्हणाले.

असे टॉवेल पांघरलेले संगणक आपल्या वस्त्यांत आणि विहारांतही सापडतील. त्यातली बरीच यंत्रे धडधाकट असतात. जड झालेली असते ती ऑपरेटिंग सिस्टिम. ही काय भानगड, असे आयाबहिणी विचारतील. ऑफिसातला हेडक्लार्क आठवा. साहेब कुणीही असो, प्रत्येक फाइल त्याच्याच टेबलावरून जाते. आता त्या हेडक्लार्कनेच निम्मी खोली अडवली तर बाकीच्यांनी बसायचे कुठे? (हे लिहिणाराही कारकूनच आहे, तेव्हा राग नसावा.) जुन्या संगणकात जागा, म्हणजे रॅम, थोडी असते. तिथे थोडक्यात भागवणारा हेडक्लार्क हवा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती देणे बंद केले. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीतच नाहीत. मग दुकानदार दोन वाटा दाखवतो. नवा घ्या, नाहीतर थोड्या पैशांत विंडोजची चोरटी प्रत टाकून देतो. ही दुसरी वाट आम्हांला मुळीच पसंत नाही. एक तर ते बेकायदा. शिवाय अशा प्रतीत कुणी काय लपवून ठेवले आहे ते कळत नाही, आणि त्याच यंत्रावर आपण आधार क्रमांक नि बँकेचा पासवर्ड टाकणार.

तिसरी वाट लिनक्सची. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. त्याआधी १९८३ मध्येच अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीचे काम जाहीर केले होते. ती वापरा, उघडून पाहा, बदला, शेजाऱ्याला प्रत करून द्या, सारे कायदेशीर. फुकटची वस्तू म्हणजे हलकी वस्तू असा आपला एक समज असतो. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे याच मुक्त प्रणालीवर शिकत आहेत. आपल्या सी-डॅक संस्थेनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स आणली.

लिनक्सचे प्रकार मात्र शेकड्यांनी आहेत, आणि नवखा माणूस तिथेच बिचकतो. आधी आपल्या यंत्राची रॅम पाहा. ४ जीबी असेल तर डोळे मिटून लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्या. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, वर बंद करायची फुली, सगळे विंडोजसारखेच, त्यामुळे मुले पहिल्या दिवशीच सरावतात. तिच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्ती मिळणार आहे. २ जीबी असेल तर लुबंटू आणखी हलकी पडते. त्याहून कमी असेल तर पपी किंवा अँटीएक्स आहेत, पण खरे सांगायचे तर तिथे आजच्या जड वेबसाइट रडतखडतच उघडतील. अशा यंत्रावर टंकलेखन आणि वाचन करावे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले. त्यांतले अनेक पीडीएफ रूपात मिळतात. एकदा उतरवून ठेवले की वीज आहे तोवर नेटवाचून वाचता येतात.

आणि एका विहारात एकच प्रकार ठेवा. दहा घरांत दहा प्रकार झाले तर अडल्यावर कोण कोणाला विचारणार?

बसवण्याआधी चाखून पाहण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. दुसऱ्या चांगल्या संगणकावर मिंटची फाइल उतरवून 'रुफस' या कार्यक्रमाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. मात्र पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसले जाते. मग जुने यंत्र त्या पेनड्राइव्हवरून चालू करावे. आतल्या डिस्कला हात न लावता सारे चालवून बघता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का? काही लेसर प्रिंटर इथे फार सतावतात. पटले तरच पक्के बसवा, आणि त्याआधी घरचे फोटो, दाखले दुसरीकडे उतरवून घ्या. बसवताना 'पूर्ण डिस्क पुसा' या पर्यायावर बोट गेले की परत काही मिळत नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज ब्राउझरमध्ये भरायचे असतात, तेव्हा फायरफॉक्सवर काम होते. पत्रे, हिशेब, बायोडाटा यांसाठी लिबरऑफिस मिंटबरोबरच येते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडले की इनस्क्रिप्टने युनिकोड मराठी टंकता येते. पण मुलगा टॅली शिकत असेल तर थांबा. ते विंडोजसाठीच बनते, आणि हिशेबाच्या नोकरीला आपल्याकडे टॅली विचारतातच. अशा घरी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवावी. दोन्ही एका यंत्रात नांदतात.

पैसा खर्च करायचाच असेल तर जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. आणि यंत्र चालू होऊनही एकही वेबसाइट उघडेना, तर घाबरू नका, आधी तारीख पाहा. वर्षानुवर्षे पडून असलेल्या संगणकातला नाण्याएवढा सेल संपलेला असतो, तारीख मागे जाते आणि ब्राउझर साइट नाकारतो. तो सीआर २०३२ नावाचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वरच्या त्या बांधवांच्या संगणकालाही आधी तोच बदलावा लागला.